सायकलवीर मेजर टेलर

मुलामुलींनो, तुमच्यापैकी कितीतरी जण सायकलवरून शाळेत येत असतील. सोलापुरात कापडगिरण्या जोरात चालत होत्या, त्या काळी भोंगा झाला की कामगारांच्या सायकलींनी रस्ते भरून जात. तुमच्या आजोबांना विचारून पाहा. तासाच्या भाड्याने सायकल आणून, गुडघे फोडून घेत ते ती चालवायला शिकले असतील. सायकल ही गरिबाची सोबतीण. अशाच एका गरीब मुलाची ही गोष्ट आहे. सायकलवर बसून त्याने जगातले विक्रम मोडले, पण शर्यतीच्या फाटकातून आत जाण्यासाठी त्याला आयुष्यभर झगडावे लागले.

त्याचे नाव मार्शल वॉल्टर टेलर. त्याचा जन्म 26 नोव्हेंबर 1878 रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात झाला. तो कृष्णवर्णीय होता. त्याच्या आजीआजोबांनी गुलामगिरीचे दिवस पाहिले होते. गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती, पण काळ्या माणसाला कमी लेखण्याची रीत संपली नव्हती.

मार्शलचे वडील एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकण्याचे काम करत. त्या घरातील मुलाशी मार्शलची मैत्री झाली. दोघे एकत्र शिकत, एकत्र खेळत. त्या घरानेच मार्शलला सायकल दिली. पण एके दिवशी ही मुले व्यायामशाळेत गेली, तेव्हा मार्शलला मात्र आत घेतले नाही. त्याचा रंग आड आला. मित्र खाली खेळत होते आणि तो वर सज्जात बसून बघत होता. लहान वयात लागलेला हा सल तो कधी विसरला नाही.

पुढे ते कुटुंब शिकागोला गेले आणि मार्शल आपल्या घरी परतला. तो सायकलवरून वर्तमानपत्रे टाकू लागला. सायकलवरच्या कसरतीही त्याने स्वतःच शिकून घेतल्या. एका सायकल दुकानदाराने ते पाहिले आणि त्याला नोकरी दिली. दुकान झाडायचे आणि दुकानासमोर कसरती करून गिऱ्हाइके जमवायची, हे त्याचे काम. कसरती करताना तो लष्करी गणवेश घाली. म्हणून लोक त्याला ‘मेजर’ म्हणू लागले. हेच नाव पुढे जगभर गाजले.

सायकलच्या शर्यतीसाठी खास मैदान असते. त्याचा धावमार्ग लंबगोल असून वळणावर तो एका बाजूने उंच उचललेला असतो. पुण्याजवळ बालेवाडीला असे मैदान आहे. तिथल्या सायकलींना ब्रेक नसतो. चाक फिरते आहे तोवर पायही फिरतच राहतात. त्या काळी अमेरिकेत अशा शर्यतींना हजारो लोक गर्दी करत.

बर्डी मंगर नावाचा एक गोरा माणूस पूर्वी शर्यती खेळलेला होता आणि आता सायकली बनवत होता. त्याने मेजरचे गुण ओळखले. पण शर्यतींच्या जगात वातावरण वाईट होते. सायकलस्वारांच्या मोठ्या अमेरिकन संघटनेने 1894 मध्ये कृष्णवर्णीयांना सभासद करून घेण्यास नकार दिला होता. तेव्हा 1895 मध्ये मंगर मेजरला घेऊन वूस्टर या दूरच्या शहरात राहायला गेला. तिथे मेजरला मोकळेपणाने सराव करता आला.

1896 च्या उन्हाळ्यात मेजर आपल्या जन्मगावी आला. तिथल्या मैदानावर त्याने एक मैल अंतर 2 मिनिटे 11 सेकंदांत पार केले. त्या मैदानावरचा जुना विक्रम त्याने तब्बल आठ सेकंदांनी मोडला होता! पण झाले काय? ही अधिकृत शर्यत नव्हती, म्हणून त्याच्या विक्रमाची नोंद झाली नाही. उलट त्या मैदानाचे दरवाजे त्याला बंद झाले. विचार करा मित्रांनो, बक्षीस मिळायला हवे होते तिथे त्याला बंदी मिळाली.

मेजर खचला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला सहा दिवसांची शर्यत झाली. ही शर्यत रात्रंदिवस चालत असे. अठरा वर्षांच्या मेजरने या शर्यतीत सुमारे 2,780 किलोमीटर सायकल चालवली आणि आठवा क्रमांक मिळवला. सोलापूरहून मुंबईला सात वेळा जावे, जवळजवळ एवढे हे अंतर झाले!

आता त्याचे नाव झाले, तसे त्याचे वैरीही वाढले. शर्यतीत प्रतिस्पर्धी संगनमत करून त्याला कोंडीत पकडत, धक्के देत. 1897 मध्ये तर शर्यत संपल्यावर एका स्पर्धकाने त्याचा गळा इतका आवळला, की तो बेशुद्ध पडला. दक्षिणेकडील शहरांत त्याला शर्यतीत उतरूच देत नसत. त्यामुळे त्या वर्षी गुण कमी पडून राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या हातून गेले.

या सगळ्यावर मेजरने एक उपाय शोधला. माणसे पक्षपात करतील, पण घड्याळ पक्षपात करत नाही. घड्याळाला काळा-गोरा कळत नाही. मेजर वेळेशीच शर्यत लावू लागला. 1898 आणि 1899 या दोन वर्षांत पाव मैलापासून दोन मैलांपर्यंतच्या अंतरांचे सात जागतिक विक्रम त्याच्या नावावर झाले. उभ्या सायकलवरून सुरुवात करून एक मैल 1 मिनिट 41 सेकंदांत, हा त्याचा विक्रम पुढे 28 वर्षे टिकला. नोव्हेंबर 1899 मध्ये शिकागो येथे त्याने एक मैल अवघ्या 1 मिनिट 19 सेकंदांत कापला. म्हणजे तासाला सुमारे 73 किलोमीटरचा वेग झाला! त्याच्या पुढे वाफेवर चालणारे वाहन धावत होते. पुढच्या वाहनामुळे वारा अडतो आणि मागच्याला वेग घेता येतो. (मुलांनो, रस्त्यावर ट्रकमागे असे कधीही करू नका. त्यात जिवाला धोका असतो.)

10 ऑगस्ट 1899 रोजी कॅनडातील माँट्रियल येथे मेजरने एक मैलाच्या शर्यतीत जागतिक अजिंक्यपद जिंकले. सायकलच्या खेळात हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढच्याच वर्षी हुकलेले राष्ट्रीय विजेतेपदही त्याने मिळवले.

1901 मध्ये तो युरोपात गेला. तो धर्मनिष्ठ होता आणि रविवारी शर्यत खेळत नसे. शर्यत भरवणाऱ्यांना रविवारी सर्वांत जास्त पैसा मिळे, तरी मेजरने आपला नियम सोडला नाही. त्यांनाच वार बदलावे लागले. पॅरिसमध्ये फ्रान्सचा जगज्जेता एडमंड जाकलँ याच्याशी त्याचा सामना झाला. कडाक्याच्या थंडीत पहिला सामना मेजर हरला. अकरा दिवसांनी दुसरा सामना झाला आणि त्यात त्याने जाकलँला हरवले. आपल्या देशात ज्याला फाटकाशी अडवत, त्याला पाहायला परदेशात झुंबड उडाली. पुढे तो ऑस्ट्रेलियालाही गेला. 1904 मध्ये सिडनी शहरात त्याला मुलगी झाली, तिचे नाव त्याने रीटा सिडनी ठेवले.

1910 मध्ये मेजरने शर्यती सोडल्या. मिळवलेला पैसा त्याने व्यवसायात घातला, पण तो बुडाला. त्याने आपले आत्मचरित्र स्वतःच्या खर्चाने छापले आणि शिकागोत दारोदार फिरून ते विकले. 21 जून 1932 रोजी गरिबांसाठी असलेल्या रुग्णालयाच्या विभागात त्याचे निधन झाले. त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. 1948 मध्ये जुन्या सायकलपटूंनी पुढाकार घेऊन त्याला चांगल्या जागी पुन्हा दफन केले आणि तिथे त्याच्या नावाची पाटी बसवली.

घड्याळाने दिलेली साक्ष मात्र कोणाला पुसता आली नाही. ज्या इंडियानापोलिसने त्याला मैदानाबाहेर काढले होते, त्याच शहरात 1982 मध्ये सायकल शर्यतीचे नवे मैदान उभे राहिले. त्या मैदानाला मेजर टेलरचे नाव दिले आहे. वूस्टरमध्येही 2008 साली त्याचे स्मारक झाले.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. 1893 मध्ये फ्रान्सच्या आन्री देग्रांझने एका तासात 35 किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले, तेव्हा जगाला नवल वाटले. 2023 मध्ये इटलीच्या व्हित्तोरिया बुस्सी या महिलेने एका तासात 50 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. सोलापूरहून निघून तासाभरात तुळजापूरच्याही पुढे जावे, तसे हे झाले! मेजरचे विक्रमही पुढे मोडले गेले. पण बंद फाटक उघडण्याचे त्याचे काम टिकून राहिले.

मुलामुलींनो, तुम्हीही शाळेच्या मैदानावर शर्यती लावाल. जिंकण्यासाठी जिवाचे रान जरूर करा. पण सुरुवातीची शिट्टी वाजण्याआधी एकदा मागे वळून पाहा. आपल्यातला कोणी सज्जात एकटा बसून तर राहिला नाही ना?

स्वाध्याय

1. मार्शल टेलरला ‘मेजर’ हे नाव कसे मिळाले?
2. लहानपणचा कोणता प्रसंग मार्शल कधी विसरला नाही?
3. जन्मगावी जुना विक्रम मोडूनही मेजरला काय सोसावे लागले?
4. ‘घड्याळ पक्षपात करत नाही’, असे लेखकाने का म्हटले आहे?
5. ‘जिवाचे रान करणे’ आणि ‘झुंबड उडणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.