खराट्याचे गाडगेबाबा

गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव, जि. अमरावती येथे झाला. वडील दारूपायी वारले. डेबूजी मामाकडं वाढले, गुरं राखली.

पुढं मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल होती. भाऊबंद रुसले, तरी डेबूजींनी गोडच जेवण वाढलं. आधी घरची चाल मोडली, मग १९०५ साली गावोगाव निघाले! मला हेच फार आवडतं.

डोक्यावर गाडगं, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे. रात्री कीर्तनात दारू, कर्ज अन् बकरं कापणं सोडा म्हणायचे. पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले.

आमच्या हापशापाशी घाण पाणी साचतं. शनिवारी आम्ही चौथीची पोरं तिथं झाडणार आहोत. मोठ्यांनीपण यावं. खराटा घरून आणावा.