फ्लिटच्या फवाऱ्यातून उमललेला बालसाहित्यिक

जुन्या पिढीतील वाचकांना फ्लिट हा शब्द आठवत असेल. पत्र्याचा लांबट पंप, त्याच्या टोकाशी औषधाची डबी. दांडा मागे ओढून पुढे ढकलला की ढेकूण-डासांवर बारीक फवारा उडे. फ्लिट हे खरे तर एका अमेरिकी कीटकनाशकाचे व्यापारी नाव. पण आपल्याकडेही ते पंपालाच चिकटले. अमेरिकेत हे नाव घरोघरी पोहोचवले ते नियतकालिकांत हास्यचित्रे काढणाऱ्या एका तरुणाने. त्याचे नाव थिओडोर स्यूस गायझेल. जग त्याला ओळखते ते डॉ. स्यूस म्हणून.

गायझेल यांचा जन्म २ मार्च १९०४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय बिअर गाळण्याचा. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि तो बुडाला. गंमत अशी की, त्याच दारूबंदीने त्यांना टोपणनावही दिले. डार्टमथ महाविद्यालयात ते तेथील विनोदी मासिकाचे संपादक होते. १९२५ मध्ये मित्रांसह जिन पिताना ते पकडले गेले आणि संपादकपद गेले. चित्रे काढणे मात्र थांबले नाही. ती आईच्या माहेरच्या, म्हणजे स्यूस या नावाने छापून येऊ लागली. डॉक्टर ही पदवी त्यांनी पुढे स्वतःच स्वतःला बहाल केली. प्राध्यापक होण्यासाठी ते ऑक्सफर्डला गेले, पण व्याख्यानांच्या वह्यांत टिपणांपेक्षा चित्रविचित्र प्राणीच अधिक उमटत. हेलन पामर या सहाध्यायिनीने हे हेरले आणि चित्रकलेकडे वळण्याचा सल्ला दिला. पुढे तिच्याशीच त्यांचा विवाह झाला.

१९२७ मध्ये अमेरिकेत परतल्यावर न्यूयॉर्कच्या ‘जज’ या विनोदी नियतकालिकात त्यांना नोकरी मिळाली. त्या काळी अशा नियतकालिकांचा प्राण विनोदात असला, तरी श्वास जाहिरातींवर चाले. ‘जज’ची तिजोरी तर इतकी रिकामी असे की, जाहिरातदारांनी पैशांऐवजी दिलेला माल चित्रकारांना मोबदला म्हणून वाटला जाई. नवविवाहित गायझेल यांच्या वाट्याला दाढीचे क्रीम आणि ढीगभर नेलकटर आले. विनोद आणि जाहिरात यांचे नाते त्यांना असे पहिल्या पगारापासूनच कळले.

लवकरच त्यांनी ‘जज’साठी एक चित्र काढले. चिलखत घातलेला सरदार पलंगावर पहुडला आहे, अंगावर ड्रॅगन झुकला आहे, आणि नुकताच सगळ्या किल्ल्यात फ्लिट मारूनही हा आलाच कसा, याचे सरदाराला नवल वाटते आहे. फ्लिट आणि त्याचे प्रतिस्पर्धी औषध यांपैकी कोणाचे नाव घालावे, हे आपण नाणे उडवून ठरवले, असे गायझेल सांगत. ते चित्र फ्लिटचे काम पाहणाऱ्या जाहिरात संस्थेतील अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नजरेस पडले आणि तिने ते पतीला दाखवले. त्यातून १९२८ मध्ये जे काम मिळाले ते १७ वर्षे पुरले. डासांनी हैराण झालेले कोणीतरी हेन्री नावाच्या गृहस्थाला चटकन फ्लिट आणायला ओरडून सांगते, एवढीच त्या जाहिरातींची कल्पना. पण ती ओळ साऱ्या देशाच्या तोंडी बसली. महामंदीत लक्षावधी लोक बेकार असताना गायझेल यांची चूल डासांच्या कृपेने पेटत राहिली.

जाहिरातीच्या करारामुळे इतर बरेचसे लेखन करण्यास मनाई होती. मुलांसाठी लिहिण्यास मात्र नव्हती. त्या फटीतून १९३७ मध्ये त्यांचे पहिले बालपुस्तक बाहेर पडले. त्याआधी वीसहून अधिक प्रकाशकांनी ते परत पाठवले होते. जाहिरातीने त्यांना शिकवलेली काटकसर पुढे उपयोगी पडली. शाळेतली क्रमिक पुस्तके मुलांना कंटाळवाणी वाटतात, अशी ओरड सुरू झाली, तेव्हा त्यांनी अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत टोपीवाल्या मांजराची गोष्ट लिहिली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६० चे पुस्तक त्यांनी ५० शब्दांत बसवले, तेही प्रकाशकाशी पैज लावून.

परंतु हसवणारी लेखणी दर वेळी निरुपद्रवी असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘पीएम’ या दैनिकासाठी ४०० हून अधिक व्यंगचित्रे काढली. नाझींवर आणि देशातील वर्णभेदावर त्यांनी कोरडे ओढले. पण फेब्रुवारी १९४२ मधील एका चित्रात जपानी वंशाचे अमेरिकी नागरिक स्फोटके घेण्यासाठी रांग लावून उभे दाखवले. काही दिवसांतच सरकारी आदेश निघाला आणि अशा सुमारे १ लाख २० हजार लोकांची रवानगी छावण्यांत झाली. चार शब्दांत औषध विकणारे कौशल्य एका चित्रात संशयही विकू शकते, हे त्यातून दिसले. १९५३ मध्ये ते जपानला जाऊन आले. नंतरच्या वर्षी कोणी कितीही लहान असले तरी माणूस म्हणून त्याचे मोल तेवढेच, असे सांगणारी हत्तीची गोष्ट त्यांनी लिहिली आणि ती क्योतो येथील एका मित्राला अर्पण केली. तरीही जुन्या चित्रांचे डाग पुरते पुसले गेले नाहीत. २०२१ मध्ये वांशिक चित्रणामुळे त्यांची सहा पुस्तके छापणे बंद झाले. त्यांत पहिले पुस्तकही होते.

१९७१ मधील ‘द लॉरॅक्स’ या पुस्तकाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. त्यातील कारखानदार कोणालाही गरज नसलेली वस्तू सर्वांना हवीशी करतो आणि ती विणण्यासाठी अख्खे जंगल तोडतो. कीटकनाशकाला हसत हसत लोकप्रिय करणाऱ्या माणसानेच हे लिहिले. फ्लिटमध्ये पुढे डीडीटीही आले होते. ‘द लॉरॅक्स’नंतर वर्षभरातच अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. गरज कशी निर्माण करतात, हे गायझेल यांना आतून ठाऊक होते. म्हणूनच त्या कारखानदाराचे सोंग त्यांना इतके अचूक वठवता आले.

१९८४ मध्ये त्यांना पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. २४ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. फ्लिटच्या जाहिराती आता संग्रहालयांत गेल्या आहेत. त्या जाहिरातींनी घडवलेल्या हाताची अक्षरे मात्र आजही मुले पहिलेवहिले वाचन करताना बोट ठेवून वाचतात.