ओवीत येशू गाणारे फादर स्टीफन्स



बल्लाळेश्वराच्या या पालीत ओवी आपल्या कानांना परकी नाही. त्याच ओवीत येशूचे चरित्र गाणारे फादर थॉमस स्टीफन्स मात्र साता समुद्रापलीकडून आले होते.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर येथे झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक म्हणून राहणे धोक्याचे होते. रोमला जाऊन १५७५ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यात पोचले. १६१९ मध्ये देवाघरी जाईपर्यंत ते गोव्यातच राहिले. त्यातील बहुतेक काळ साष्टीत गेला.

साष्टीत तेव्हा शांतता नव्हती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडल्यामुळे लोक संतापले होते. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याचे काम फादर स्टीफन्स यांनी केले. त्यानंतर या लोकांकडे पाठ फिरवणे सोपे होते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांचे कौतुक केले. त्यांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले.

नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पोथ्या वाचायची बंदी होती. श्रद्धा बदलली, तरी कथा-पुराणाची गोडी कशी सुटणार? ही भूक ओळखून फादरांनी मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे आणि मराठीची थोरवीही गायिली आहे. मूर्तिपूजेवर टीकाही आहे, ती आपण लपवू नये. सत्तेची सावली त्या ग्रंथावर होतीच. तरीही ज्यांना शिकवायचे, त्यांच्याच भाषेचा शिष्य होण्याची नम्रता या माणसाने दाखवली.

वाचकांनीही तेवढेच मोठे मन दाखवले. बेथलेहेम आणि यरुशलेम त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण ओवीच्या चालीवर ती दूरची गावे त्यांच्या घरात आली. त्या काळच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. परदेशी धर्मगुरूचे पुस्तक त्यांनी आपले मानले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

दुसऱ्याला समजून घ्यायचे म्हणजे त्याला आपल्यासारखे करायचे नव्हे. आधी त्याचे शब्द शिकायचे, त्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची. पालीत आपण मोजकी घरे आहोत, आपल्याला याची गरज अधिक. २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी ख्रिस्तपुराण आजच्या मराठी गद्यासह देवनागरीत प्रसिद्ध केले आहे. घरातील मुलांना त्यातले एखादे पान मोठ्याने वाचून दाखवा. शेजाऱ्यालाही ऐकायला बोलवा आणि त्याच्याकडे पोथी लागली, तर आपणही आदराने ऐकू या.

आपले धर्मगुरू