जेम्स वॅट : एका कारागिराचे चरित्र

किटलीचे झाकण वाफेने हालताना पाहून जेम्स वॅटला इंजिन सुचले, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. कथा गोड खरी. परंतु तिने एका थोर कारागिराचा खरा मोठेपणा झाकून टाकला आहे. वाफेचे इंजिन वॅटच्या जन्मापूर्वीच इंग्लंडातील खाणींचे पाणी उपसू लागले होते. वॅटने त्याला नवा जन्म दिला, तो दुरुस्तीच्या कामातून आणि हाताशी पडलेल्या जुन्या वस्तूंतून. लोखंड, लाकूड, पितळ व पाषाण यांवर पिढ्यान्‌पिढ्या हात चालविणाऱ्या आपल्या पांचाळ ज्ञातिबांधवांनी हे चरित्र याच दृष्टीने वाचावे.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात १९ जानेवारी १७३६ रोजी वॅटचा जन्म झाला. वडील जहाजांचे सुतारकाम व व्यापार करीत. त्यांच्या कारखान्यात या अशक्त मुलासाठी वेगळे बाक, हत्यारे आणि छोटी भट्टी मांडून दिलेली होती. त्याचे खरे शिक्षण तेथेच झाले. पुढे १७५५ साली तो लंडनला गेला आणि गणिती उपकरणे बनविण्याची विद्या त्याने एकाच वर्षात आत्मसात केली. अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा तो माघारी आला.

ग्लासगो शहरात हातोडा चालविणाऱ्या कारागिरांचा एक जुना संघ होता. वॅटने सात वर्षे उमेदवारी केलेली नाही, या कारणास्तव संघाने त्याला शहरात दुकान थाटू दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. ज्या संघाने धंद्याचे रक्षण करावयाचे, त्यानेच धंद्यातील सर्वांत कुशल हातापुढे दार लावून घेतले! सुदैवाने जमैकाहून समुद्रमार्गे आलेली खगोलशास्त्राची उपकरणे खारट हवेने बिघडली होती. ती त्याने साफ करून दिली. विश्वविद्यालयाने त्याचे गुण ओळखले आणि १७५७ साली आपल्या आवारातच त्याला कामाची जागा दिली. तेथे तो उपकरणे बनवी, मोडलेली वाद्ये दुरुस्त करी. संगीताचा कान नसतानाही स्वरांचे गणित अभ्यासून त्याने ऑर्गनसुद्धा तयार केला.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आली. ती चार फेरे करी आणि थांबे. दुसरा कोणी ती कशीबशी चालती करून मजुरी घेता. वॅट मात्र कारण शोधीत बसला. दर फेऱ्याला सिलिंडर तापवावयाचा आणि लगेच पाणी घालून थंड करावयाचा, यातच बहुतेक वाफ वाया जात होती. वाफ निराळ्या भांड्यात थंड करावी म्हणजे सिलिंडर सतत तापलेला राहील, हे त्याला मे १७६५ मध्ये उमगले.

या विचाराची परीक्षा पाहण्यास नवे यंत्र कोठून आणावे? वैद्यांची एक पितळी पिचकारी त्याने घेतली; व्यास पावणेदोन इंच, लांबी दहा इंच. तिच्या दोन्ही तोंडांना कल्हईच्या पत्र्याची झाकणे बसविली, पत्र्याच्याच बारीक नळ्या थंड पाण्यात उभ्या केल्या आणि हवा ओढण्यास एक लहान पंप जोडला. त्या पिचकारीच्या दट्ट्याने अठरा पौंडांचे वजन उचलले. पुढील युगाचे बीज या जोडकामात होते.

परंतु मोठे इंजिन उभे राहण्यास अकरा वर्षे लागली. अचूक गोल सिलिंडर कोरण्याचे साधनच नव्हते. मधल्या काळात पोटासाठी त्याला कालव्यांच्या मोजण्या कराव्या लागल्या. १७७३ साली पत्नीही निवर्तली. पुढे मॅथ्यू बोल्टनचे भांडवल मिळाले. विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या आपल्या यंत्रावरून सिलिंडर कोरण्याची रीत काढली, आणि १७७६ साली इंजिने चालू झाली. उत्तम कल्पना योग्य हत्यारावाचून किती काळ अडून राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

संपत्ती व कीर्ती मिळूनही त्याने हत्यार खाली ठेवले नाही. १८०० साली निवृत्त झाल्यावर बर्मिंगहॅमजवळील घराच्या माळ्यावर तो लेथ, कानशी आणि जुन्या सुट्या भागांच्या पसाऱ्यात रमला. मूर्तीवरून हुबेहूब मूर्ती कोरणारी दोन यंत्रे त्याने तेथे स्वहस्ते रचली व अखेरपर्यंत ती सुधारीत राहिला. १८०४ साली ऐन तारुण्यात गेलेल्या ग्रेगरी या पुत्राची पेटीही त्याच खोलीत होती. पुत्रशोक आणि हातोडा यांची संगत त्याने पंधरा वर्षे केली.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी त्याचे देहावसान झाले. ती खोली बहुतांशी जशीच्या तशी राखली गेली. १९२४ साली तिच्यातील सारे सामान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेण्यात आले; त्यातील वस्तूंची संख्या आठ हजारांवर भरते.

आपल्या घरी आजोबांचा ऐरण किंवा रंधा कोपऱ्यात पडला असेल, तर तरुणांनी तो भंगारात घालण्यापूर्वी एकदा हाती घेऊन पाहावा. आणि आपणा वडीलधाऱ्यांनी एवढे स्मरावे, की दारी आलेल्या कुशल हाताला त्याच्या उमेदवारीची वर्षे विचारण्याआधी त्याचे काम पाहावे.