विल्टशरचे फादर, सासष्टीची ओवी

स्विंडनमधल्या आमच्या धर्मग्रामाचा आठवडा शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने सुरू होतो. रविवारी सकाळी पुन्हा मिस्सा, मग हॉलमध्ये चहा-बिस्किटं. दाराजवळ गरजूंसाठी डबाबंद खाण्याची टोपली ठेवलेली असते, तिच्यात जाता-येता प्रत्येक जण काहीतरी टाकतो. अधल्यामधल्या एका संध्याकाळी रोझरी, एका संध्याकाळी गायनवृंदाचा सराव. आणि रविवारीच मुलांचा प्रथम कम्युनियनचा वर्ग. मी त्या वर्गात मदतीला असते. मदत म्हणजे काय, तर रंगपेट्या वाटायच्या, भांडणं सोडवायची आणि शेवटी खुर्च्या रचायच्या.

मी मूळची वसईची. आमच्या गावात मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, मयताच्या घरची प्रार्थनाही मराठीत. इथे अर्थातच सगळं इंग्रजीत. स्विंडनमध्ये गोव्याची मंडळी भरपूर आहेत, त्यामुळे कोंकणी कानावर पडते, पण मराठी बोलणारी आमच्यासारखी दोन-चार घरंच. गेल्या हिवाळ्यात आई चार महिने आमच्याकडे राहून गेली. दर रविवारी छान साडी नेसून, स्वेटर चढवून ती चर्चला यायची आणि पूर्ण वेळ गप्प बसायची. एरवी गावात अख्ख्या चर्चच्या आधी जिचा सूर लागतो, तीच ही बाई! माझ्या आठ वर्षांच्या मुलाने एकदा परतताना मला विचारलं, की आजीला प्रार्थना येत नाहीत का? मला काही उत्तर सुचलं नाही. आईने ते ऐकलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याच सुमारास मला कळलं, की शाळेत ज्यांच्या मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या आम्ही पाठ केल्या होत्या, ते फादर थॉमस स्टीफन्स आमच्या इथलेच. बुशटन नावाची छोटी वस्ती स्विंडनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत येते. एका रविवारी मिस्सेनंतर आईला आणि मुलाला घेऊन आम्ही तिकडे गेलो. चार घरं, शेतं, मेंढ्या. जवळच्या क्लिफ पायपर्डमध्ये टेकडीच्या पायथ्याशी जुनं दगडी चर्च. बघण्यासारखं म्हणाल तर एवढंच. पण तिथून परतल्यावर मी फादरांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. वाचताना त्यांच्याबद्दलचा आदर वाढला आणि मनाला टोचणारंही बरंच काही सापडलं. दोन्ही सांगते.

थॉमस यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. वडील लंडनमधले व्यापारी. थॉमस दहा वर्षांचे झाले तोवर राणी पहिली एलिझाबेथ गादीवर आली होती आणि कॅथलिक मिस्सेवर कायद्याने बंदी आली होती. दर रविवारी सरकारी पंथाच्या चर्चमध्ये हजेरी सक्तीची, चुकवली तर बारा पेन्स दंड. म्हणजे ज्या दगडी चर्चांमध्ये पिढ्यान् पिढ्या कॅथलिक मिस्सा झाली, तिथेच आता ती म्हणणं गुन्हा. जुन्या धर्माचे लोक घरात, दारं लावून, चोरून प्रार्थना करत. थॉमस यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांना पकडून तुरुंगात टाकलं. स्टीफन्स निसटले, रोमला पोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

तिथून इंग्लंडला परतणं म्हणजे जिवावर उदार होणं. त्याच संघाचे एडमंड कँपियन १५८० मध्ये परतले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये फासावर गेले. स्टीफन्स यांनी मात्र हिंदुस्थानची वाट धरली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाज सुटलं आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिने! गोव्यात उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. वारे, वादळं, समुद्रातले मासे आणि पक्षी, आजारी माणसं, वाटेत दगावलेले सत्तावीस जण, सगळं त्यात आहे. परदेशी पोचल्यावर घरी पहिला फोन लावून आपण विमानातल्या जेवणापासून सगळं सांगतो ना, तसंच ते पत्र वाटतं. फरक एवढाच, की हा मुलगा पुन्हा कधीच घरी गेला नाही. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

गोव्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि ते सासष्टीत, म्हणजे मडगावच्या आसपासच्या गावांत, कामाला लागले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांचा मुक्काम बहुतेक तिथेच. कधी गावातले फादर, कधी रायतूरच्या विद्यालयाचे प्रमुख. तेव्हाच्या धर्मग्रामाचा आठवडा आजच्यापेक्षा फार वेगळा नव्हता असं वाचताना जाणवतं. रविवारची मिस्सा, मुलांना धर्मशिक्षण, चर्चच्या शाळेत वाचन आणि गायन, आजाऱ्यांना भेटी, मयत, लग्नं.

पण ही गावं ख्रिस्ती कशी झाली, हेही सांगायला हवं. स्टीफन्स येण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली शेकडो देवळं पाडली होती. मंगेशाला कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गेला केळशीहून नदीपार न्यावं लागलं, ते याच काळात. उघडपणे पूजा करायला बंदी, जुनी पुराणं वाचायला बंदी. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार मारलं. त्यांचे मृतदेह मिळवून दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि दगा देऊन मारलं.

इथे मी वाचता वाचता थांबले. आपली प्रार्थना गुन्हा ठरली म्हणून ज्याने देश सोडला, तोच माणूस दुसऱ्यांची पूजा गुन्हा ठरवणाऱ्या सत्तेच्या छत्राखाली येऊन राहिला. त्याला हे साम्य दिसलं का? त्याने त्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला असं कुठे आढळत नाही. उलट मूर्तिपूजेवर त्याच्या ग्रंथातही टीका आहे. तेव्हा फादरांना साधुसंत ठरवून मोकळं होणं मला जमत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांनी केली, जी इतरांना फारशी जमली नाही. त्यांनी लोकांची भाषा मनापासून शिकून घेतली आणि लोकांचं म्हणणं ऐकलं. याच १५८३ साली पॅरिसमधल्या आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. सर विल्यम जोन्स यांचं हेच निरीक्षण जगभर गाजलं ते त्यानंतर दोनशे वर्षांनी.

आणि लोकांचं ऐकल्याची खूण त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. प्रसंग सासष्टीतल्या एका चर्चमधला, रविवारचा. मुलांचं धर्मशिक्षण चाललंय. तेवढ्यात नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गृहस्थ पाद्री गुरूंपुढे आपली अडचण मांडतो. प्रार्थना आणि धर्माचे नियम आम्ही शिकलो, ते ठीकच. पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्यासाठी दुसरं पुराण का लिहीत नाही? ते असतं तर आमचा वेळ चांगला गेला असता, असा त्याच्या बोलण्याचा आशय.

हा प्रसंग मी दोनदा वाचला. किती साधी मागणी आहे, आणि केवढं दुःख तिच्यात दडलंय! नियम मिळाले, पण कथा गेली. ओवी गेली. संध्याकाळी दिवा लावल्यावर चार माणसं जमवून वाचायचं काय, हा प्रश्न उरला. आणि तो विचारला गेला कुठे, तर मुलांच्या रविवारच्या वर्गात.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये ते रायतूरला छापून झालं तेव्हा स्टीफन्स पासष्टी ओलांडलेले होते. दोन भाग, पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि सगळ्या मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जन्मापर्यंत पहिला भाग, येशूचं चरित्र दुसऱ्यात. भाषा मराठी, पण लोकांना सहज कळावी म्हणून तिच्यात कोंकणीतले शब्द मिसळलेले. छंद आपल्या संतांचा. स्वर्गाला शब्द वैकुंठ. फुलांत मोगरा, सुगंधात कस्तुरी, पक्ष्यांत मोर तशी भाषांत मराठी, असं त्यांनी जे म्हटलं ते तर शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ते एका विल्टशरच्या माणसाने म्हटलंय, हे मी माझ्या मुलाला सांगितलं तेव्हा तो आधी हसलाच.

एक इच्छा मात्र त्यांची अपुरी राहिली. पुस्तक इथल्या लिपीत छापावं म्हणून १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून परवानगी मागितली होती. इंग्रजी-लॅटिनला चोवीस-पंचवीस अक्षरं पुरतात, इथे जोडाक्षरं धरून सहाशेच्या घरात खिळे पाडावे लागणार, ही अडचण त्यांना माहीत होती. ते काही झालं नाही. पुराण रोमन लिपीतच छापलं गेलं. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा शेवट झाला. त्यांची कोंकणीतली ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आली. कोंकणीचं व्याकरण १६४० मध्ये आलं. भारतीय भाषेचं छापलेलं ते पहिलं व्याकरण मानतात. ही दोन्ही पुस्तकं त्यांना डोळ्यांनी बघायला मिळाली नाहीत.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण लिहिलं गेलं, तीच आता त्याच्या भाषेवर उठली. छापील प्रती नाहीशा होत गेल्या. पुराण टिकलं ते घराघरांत हाताने उतरवलेल्या वह्यांमध्ये, आणि चर्चमध्ये, अंगणात, उपवासकाळातल्या रात्री म्हणणाऱ्यांच्या गळ्यात. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेलं. हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, आणि १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत आलं. त्याचं देवनागरी लिपीतलं एक जुनं हस्तलिखित लंडनमध्ये, स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या ग्रंथालयात आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मला त्या रविवारचा मुलाचा प्रश्न पुन्हा आठवला. आजीला प्रार्थना येत नाहीत का? आमची भाषा इथे कोणी बंद केलेली नाही. आमच्यावर ना दंड, ना फर्मान. आम्ही आपणहूनच ती दारात चपलांबरोबर काढून ठेवली. मुलाला इंग्रजीत सोपं जातं, आम्हालाही सोयीचं पडतं, असं म्हणत म्हणत.

आई परत जायच्या आधीच्या शनिवारी मडगावकडच्या आमच्या शेजारणीने घरी लदीन ठेवलं होतं. क्रूसापुढे मेणबत्त्या, उकडलेले चणे, वीसेक माणसं. प्रार्थना कोंकणीत सुरू झाली. पहिल्या दोन मिनिटांत आईचे ओठ हलायला लागले, आणि मग आवाज. शब्द थोडे कोंकणी, थोडे तिचे वसईचे, पण सूर पक्का. शेजारीण प्रार्थना म्हणता म्हणता मागे वळली आणि तिने आईला हाताला धरून पुढे नेलं. माझा मुलगा तोंड उघडं टाकून आजीकडे बघत होता.

आता आम्ही एक केलंय. आमच्या फादरांना विचारून महिन्यातून एका शुक्रवारी हॉलमध्ये मराठीत रोझरी सुरू केली आहे. हॉलची किल्ली माझ्याकडे असते. चार घरं येतात, कधी तीनच. फोन टेबलावर उभा करून वसईहून आई सुरुवात करते. तिकडे तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते, तरी ती जागी राहते. माझा मुलगा दहाव्या ‘नमो मारिये’पर्यंत तीनदा अडखळतो. आई थांबते, त्याला शब्द सांगते आणि मग पुढे जाते.