आधी कुठल्या खाटेकडे?

नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. साल १९८०. नागपुरातल्या एका रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात माझी रात्रपाळी होती. मे महिना, त्यामुळे रात्रीचे दोन वाजले तरी भिंती गरम. वॉर्डात बारा खाटा आणि आम्ही दोघी. त्यातल्या मोठ्या सिस्टर शेजारच्या लेबर रूममध्ये अडकलेल्या. इकडे एक पहिलटकरीण कळांनी आक्रोश करत होती. दुसरीचे नातेवाईक दारात उभे राहून सलाईन संपत आलं म्हणून माझ्या नावानं ओरडत होते. आणि अगदी कोपऱ्यातल्या खाटेवर तासाभरापूर्वी बाळंत झालेली एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती काहीच मागत नव्हती. एक तरी शहाणी आहे, असं मला वाटलं आणि मी सलाईन बदलायला गेले.

मोठ्या सिस्टर आल्या, दारातूनच त्यांनी एकदा नजर फिरवली आणि ओरडणाऱ्या दोघींना ओलांडून त्या सरळ कोपऱ्यात गेल्या. त्यांनी चादर बाजूला केली. रक्त गादीत मुरून खाली फरशीवर आलं होतं. त्यांनी एका हातानं तिचं पोट चोळायला घेतलं आणि दुसऱ्या हातानं मला खुणा करत राहिल्या. इंजेक्शन, सलाईन, खाटेच्या पायथ्याखाली विटा, डॉक्टरांना निरोप. बाई वाचली. पण आणखी अर्धा तास ती तशीच शहाण्यासारखी पडून राहिली असती तर काय झालं असतं, हा विचार निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही.

त्या मला रागावल्या नाहीत. पहाटे चहा घेताना त्यांनी एवढंच सांगितलं, की त्यांची तरुणपणाची काही वर्षं मातृसेवा संघात गेली आणि वॉर्डात शिरल्यावर नजर कुठून सुरू करायची ते त्या तिथं शिकल्या. त्या ओघात कमलाताईंचं नाव निघालं. नाव मी ऐकलेलं होतं, नागपुरात कुणी ऐकलेलं नाही? पण त्या बाईंनी नेमकं काय केलं, याचा विचार मी त्या पहाटेपर्यंत केला नव्हता.

कमलाताई होस्पेट माहेरच्या मोहोनी. त्यांचा जन्म १८९६ सालचा, खानदेशातल्या शिरपूरचा. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य इतरांनी ठरवून टाकलेलं असे. घरातलं मागचं दार, पहाटेचं पाणी, दुसऱ्यांच्या मुलांचं करणं आणि मंगलकार्याच्या दिवशी कुणाच्या समोर न येणं. शिकायचं म्हटलं तर वाटा मोजक्याच होत्या. पुण्याला अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम होता. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं मुलींना परिचारिकेच्या आणि सुईणीच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली होती. त्यावरही पुष्कळ नाकं मुरडली गेली. परक्या माणसांची मलमूत्रं काढायची, कुणाचंही रक्त अंगावर घ्यायचं, जातपात न बघता शिवायचं, हे काम घरंदाज मुलीचं नव्हेच, असं लोकांचं मत. मास्तरीण होणं एक वेळ चालेल, नर्स होणं नाही.

कमलाताईंनी तेच निवडलं. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. तिथल्या डफरीन रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये बायकांच्या औषधोपचारासाठी निधी उभारला, त्यातून देशभर जी बायकांची रुग्णालयं निघाली त्यांना हे नाव मिळालं. तो काळही कठीण होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनं मध्यप्रांताला देशात सर्वांत जास्त झोडपलेल्या भागांत नेऊन बसवलं होतं, आणि त्या साथीनं गरोदर बायकांना विशेष गाठलं, हे आता वैद्यकशास्त्राला नीट ठाऊक आहे. १९२० च्या आसपास कमलाताईंचं शिक्षण पुरं झालं. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजींचा असहकाराचा ठराव तिथं मंजूर झाला. शहर त्या वाऱ्यानं भारलेलं होतं. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कमलाताई आणि वेणूताई नेने या दोघींनी मातृसेवा संघ सुरू केला. चार खाटांचं प्रसूतिगृह.

चारच. या आकड्याशी मी बरीच वर्षं घुटमळत आले आहे.

त्याआधी त्या वेळची बाळंतपणं कशी होत ते आठवायला हवं. माझ्या आजीच्या तोंडून मी ते ऐकलेलं आहे. घरातली सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीला, कारण सोयर. झरोका असेल तर तोही बुजवलेला, कारण वारा बाधतो. धुराची शेगडी, जुनी फाटकी लुगडी, सुतळीची बाज. सुईण हुशार असली तरी तिचे हात कुठून आलेले असतील ते सांगता येत नसे. नाळ कापायला घरातला विळा किंवा जे हाताशी येईल ते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला थंडी वाजून ताप भरे, आठवड्याभरात बाळाला धनुर्वात होई. पाचव्या रात्री सटवाईची पूजा करून बायका जागत बसत. त्या रात्री धोक्याच्या आहेत, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. धोका कुठून येतो, ते माहीत नव्हतं.

ते कळायला युरोपातही वेळ लागला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की सुइणी बघतात त्या वॉर्डापेक्षा डॉक्टर बघतात त्या वॉर्डात बाळंतिणी जास्त मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. तरी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. हात धुण्यात कमीपणा वाटणारी माणसं मी विसाव्या शतकाच्या शेवटीही पाहिली आहेत, तेव्हा व्हिएन्नाला नावं कशाला ठेवायची?

म्हणजे १९२१ साली उपाय ठाऊक होता. उकळलेलं पाणी, उकळलेली कात्री, स्वच्छ कापड, धुतलेले हात. मोठी रुग्णालयंही होती, नागपुरात डफरीन होतं, मेयो होतं. अडचण अशी, की बाई तिथवर येत नव्हती. सरकारी इमारतीची भीती, पुरुष डॉक्टरची भीती, कुणाच्या शेजारची खाट मिळेल याची भीती, खर्चाची भीती, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सासूची. आम्हा नर्सेसना शिकवताना अग्रक्रम सांगतात तो असा, की आधी श्वास, मग रक्तस्राव, मग बाकीचं. कमलाताईंनी या यादीच्याही आधीचं एक पाऊल ओळखलं असं मला वाटतं. बाई उंबऱ्याच्या आत आली तरच पुढची यादी. म्हणून घरासारखी जागा, आपल्या भाषेत बोलणाऱ्या बायका आणि चार खाटा.

आणि चार खाटा एका नजरेत मावतात! हे माझं अनुमान, कुठं लिहिलेलं नाही. पण वॉर्डात हयात गेलेल्या कुठल्याही नर्सला ते पटेल. चार बायकांपैकी कुणाच्या कपाळावर घाम आला, कोण अचानक गप्प झाली, कुणाची नाडी भरभर पळते आहे, हे जागेवरून न उठता कळतं. चाळीस खाटांना एक नर्स दिली, तर तिला फक्त आवाज ऐकू येतात. दोघी असल्यानं एकीला डोळा लागला तर दुसरी जागी राहू शकते, हेही त्यात आलंच. पैसे नव्हते म्हणून चार, असं कुणी म्हणेल. पैसे नव्हतेच. पण थोड्याशा जागेत सुरू केलेलं काम नीट जमल्यावरच पुढं सरकवण्याची शिस्त त्यांच्यापाशी होती, नाहीतर ते पुढं टिकलं नसतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी नेहमी थांबते. विधवेची सावली मंगलप्रसंगी नको म्हणणारा तो समाज. बारशाला ती मागच्या खोलीत. डोहाळजेवणात तर तिचं नावही नको. आणि तिथं शेकडो मुलांना या जगात पहिला स्पर्श झाला तो एका विधवेच्या हाताचा. कमलाताईंनी त्यासाठी भाषणं करत फिरण्याची गरज नव्हती. पोटात बाळ आडवं आलेलं असताना सुवासिनी कोण आणि विधवा कोण, हे सासूबाई स्वतःच विसरत असणार.

पुढची हकीकत नागपूरकरांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. सीताबर्डीचं प्रसूतिगृह वाढलं, महालात झालं, नागपूरबाहेर शाखा निघाल्या. १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’, वृद्धांसाठी ‘पंचवटी’. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. वरवर बघता ही वेगवेगळी कामं वाटतात, प्रसूतिगृहाचा आणि वृद्धाश्रमाचा काय संबंध? मला मात्र त्यात वॉर्डातली तीच नजर दिसते. जे मूल आपल्याला काय होतंय ते सांगू शकत नाही, जी म्हातारी आता काही मागतच नाही, तीच कोपऱ्यातली खाट.

ही नजर टिकवणं सोपं नसतं, हे आमच्या धंद्यातल्या बायकांना विचारा. नेपोलियनच्या सैन्यात लारी नावाचा शल्यचिकित्सक होता. जखमी सैनिकांत हुद्दा न बघता ज्याची जखम गंभीर त्याला आधी घ्यायचं, हा त्याचा नियम. युद्धात जनरलला थांबवणं जमत असेल, पण नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत एखाद्या साहेबांच्या मेहुणीला थांबवून दाखवा. फोनवर फोन येतात. मी एकदा अशा बाईंना नम्रपणे बाकावर बसवून आधी झटके येणाऱ्या एका मजूर बाईकडे गेले, तर दुसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा द्यावा लागला. माझ्या वरिष्ठांनी तो वाचला आणि कपाटात ठेवून दिला. त्यापुढं काही झालं नाही, पण महिनाभर पोटात गोळा होता.

आता बऱ्याच गोष्टी सुधारल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुरक्षित प्रसूतीसाठी एकोणतीस मुद्द्यांची तपासणी यादी काढली. हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, रक्तस्राव जास्त आहे का, एकेक खूण करत जायचं. माणूस दमतो, विसरतो, म्हणून यादी. मी तिच्या बाजूची आहे. फक्त कधी कधी नव्या मुली कागदावर खूण करण्यात इतक्या गढून जातात, की कागदावरून डोळे वर येत नाहीत, तेव्हा जीव वरखाली होतो. पाळी बदलताना टेबलाशी बसून वह्या देणं-घेणं वेगळं आणि प्रत्येक खाटेशी उभं राहून बाईच्या पोटाला हात लावून ताबा घेणं वेगळं. बाळंतपणानंतर गर्भाशय कच्च्या बेलफळासारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं, तर वही बाजूला ठेवायची.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द, कारण रविवारचं हे पान घरातली सगळी वाचतात. तुमची मुलगी, सून बाळंत झाली, की पहिले काही तास पेढ्यांच्या आधी तिच्याकडे बघा. घड्या भराभर भिजत असतील, तिला चक्कर येत असेल, सारखी तहान लागत असेल, हातपाय गार आणि घामेजलेले असतील, किंवा मघाशी बोलणारी पोर आता उत्तरच देत नसेल, तर सिस्टरला लगेच हाक मारा. थकून झोपली असेल, असं परस्पर ठरवू नका. जोराचा रक्तस्राव दोन तासांच्या आत जीव घेऊ शकतो. आणि सिस्टर तुमच्या खाटेवरून पुढं निघून गेली, तर ती तुम्हाला टाळते आहे असं लगेच समजू नका. ती कुणाकडे चालली आहे, तेही एकदा बघा.

कमलाताई १९८१ मध्ये गेल्या. नोव्हेंबर महिना होता. बातमी आमच्या वॉर्डात पोचली तेव्हा पाळी बदलायची वेळ झालेली. मोठ्या सिस्टरना अंत्यदर्शनाला जायचं होतं, बाहेर त्यांचा मुलगा सायकल घेऊन उभा होता. त्यांनी डोळे पुसले, नळावर हात धुतले आणि मला घेऊन त्या कोपऱ्यातल्या खाटेपासून निघाल्या. बाराही खाटा झाल्या. शेवटच्या बाईची नाडी त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजली, आकडा वहीत लिहिला, खाली सही केली, आणि मगच पदर खोचून मुलाच्या मागं सायकलवर बसल्या.