डॉक्टरही तोच, रुग्णही तोच

डोंबिवलीत किंवा ठाण्यात मध्यरात्री कुणाच्या पोटात असह्य दुखू लागले, तर घरचे धावपळ करून रिक्षा शोधतात, वाहतूक कोंडीला शिव्या घालतात. पण रुग्ण बहुधा तासाभरात सर्जनसमोर असतो. याच जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या आतल्या काही पाड्यांवरून मात्र रुग्णाला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. दुखणे एकच, पण रुग्णालय किती लांब, यावर जीव टांगलेला असतो. हे अंतर सोळाशे किलोमीटरहून अधिक असेल, बाहेर हिमवादळ असेल आणि तिथला एकमेव डॉक्टरच रुग्ण असेल तर? १९६१ साली अंटार्क्टिकावर असेच घडले. त्या डॉक्टरचे नाव लिओनिद रोगोझोव्ह.

रोगोझोव्ह यांचा जन्म १४ मार्च १९३४ रोजी सैबेरियातील एका दूरच्या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात वडील मारले गेले. १९५३ मध्ये त्यांना लेनिनग्राडच्या बालरोग वैद्यकीय संस्थेत प्रवेश मिळाला. १९५९ मध्ये पदवी घेऊन ते शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेऊ लागले. मात्र १९६० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते शिक्षण अर्धवट ठेवून ते सहाव्या सोव्हिएत अंटार्क्टिक मोहिमेत डॉक्टर म्हणून सामील झाले. ‘ओब’ या जहाजाने ते दक्षिणेकडे निघाले. १९६१ च्या सुरुवातीला शिरमाकर टेकड्यांच्या भागात नोवोलाझारेव्हस्काया हे नवे संशोधन केंद्र उभे राहिले. जहाज परतले, समुद्र गोठू लागला आणि तेरा माणसे हिवाळ्यासाठी मागे राहिली. त्यांत डॉक्टर एकच होता.

२९ एप्रिलला सकाळी रोगोझोव्ह यांना थकवा आणि मळमळ जाणवू लागली. मग ताप आला आणि पोटात उजवीकडे खालच्या बाजूला दुखू लागले. निदानासाठी त्यांना कुणाची गरज नव्हती. अपेंडिक्सला, म्हणजे आंत्रपुच्छाला सूज आली होती. त्यांनी आधी प्रतिजैविके घेतली, पोटावर थंड शेक दिला. उतार पडला नाही. उलट दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले. जवळचे सोव्हिएत केंद्र मिर्नी सोळाशे किलोमीटरपलीकडे होते. इतर देशांच्या केंद्रांवर विमान नव्हते आणि असते तरी त्या वादळात ते उतरू शकले नसते. अपेंडिक्स फुटले तर पू पोटात पसरून मृत्यू ओढवणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग त्यांनी स्वतःवरच शस्त्रक्रिया करायचे ठरवले. तयारी मात्र अगदी नेटकी होती. खोलीतले नको ते सामान बाहेर काढले, चादरी आणि उपकरणे निर्जंतुक केली. मदतीला हवामानतज्ज्ञ आर्तेमेव्ह आणि वाहनचालक तेप्लिन्स्की हे दोघे होते. एकाने उपकरणे हातात द्यायची, दुसऱ्याने आरसा आणि दिवा धरायचा. त्यांच्यापैकी कुणाला भोवळ आलीच तर म्हणून केंद्रप्रमुख गेर्बोविच यांनाही तिथे थांबवले होते. आपली शुद्ध हरपली तर कोणते इंजेक्शन कसे द्यायचे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास कसा द्यायचा, हे रोगोझोव्ह यांनी आधीच शिकवून ठेवले. या तिघांनीही त्यापूर्वी वैद्यकीय काम केलेले नव्हते.

१ मे रोजी पहाटे दोनच्या सुमारास शस्त्रक्रिया सुरू झाली. रोगोझोव्ह किंचित डाव्या कुशीवर, अर्धवट बसल्यासारखे रेलले होते. डोके शुद्धीवर राहायला हवे, म्हणून फक्त पोटाच्या त्वचेला आणि स्नायूंना नोव्होकेनची भूल दिली होती. दहा-बारा सेंटीमीटरचा छेद त्यांनी स्वतः घेतला. आरशात सगळे उलटे दिसत असल्याने गोंधळ उडू लागला. मग त्यांनी हातमोज्यांशिवाय, बोटांच्या स्पर्शाने चाचपत काम केले. रक्तस्राव होत होता. मध्येच मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला चुकून इजा झाली, तीही त्यांनी शिवली. अर्ध्या-पाऊण तासाने गळून गेल्यासारखे झाले. तेव्हा दर चार-पाच मिनिटांनी वीस-पंचवीस सेकंद थांबायचे आणि पुन्हा हात चालवायचे, असे त्यांनी सुरू ठेवले. अखेर अपेंडिक्स बाहेर आले. त्याच्या बुंध्याशी काळपट डाग पडला होता. आणखी एखाद्या दिवसात ते फुटले असते.

पावणेदोन तासांनी शेवटचा टाका पडला. झोपेची गोळी घेण्याआधी त्यांनी मदतनिसांना उपकरणे कशी धुवायची आणि खोली कशी आवरायची, तेही सांगितले. पाचेक दिवसांत ताप उतरला, आठवड्याने टाके निघाले आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा कामावर रुजू झाले.

त्याच वर्षी १२ एप्रिलला युरी गागारिन अवकाशात गेले होते. दोघेही मार्च १९३४ चे. देशभर रोगोझोव्ह यांचे कौतुक झाले, सोव्हिएत सरकारने त्यांना सन्मानपदक दिले. पण हा गाजावाजा त्यांना मानवला नाही. १९६२ मध्ये परत येताच ते आपल्या रुग्णालयात कामाला लागले. १९६६ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसंबंधी त्यांनी प्रबंध सादर केला. पुढे लेनिनग्राडमधील रुग्णालयांत ते सर्जन म्हणून राबले. २१ सप्टेंबर २००० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ध्रुवीय केंद्रांवरील वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की रोगोझोव्ह यांचे नाव हमखास येते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरने तर आपले अपेंडिक्स आधीच काढून घ्यावे, असा नियम आहे. याच शिरमाकर भागात, रशियन केंद्रापासून काही किलोमीटरवर भारताचे ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून सुरू आहे. आपल्या मोहिमांची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि हिवाळी तुकडीसोबत डॉक्टर असतो.

रोगोझोव्ह यांचे धाडस कुणी अंगावर घेऊ नये. ते त्यांनीही नाइलाजाने केले. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी दुखणे ओळखले, उपचारांना गुण येतो का ते पाहिले आणि येत नाही म्हटल्यावर वेळ दवडला नाही. आपल्याकडे मात्र पोटदुखी म्हणजे गॅस असे समजून ओव्याची फक्की, वेदनाशामक गोळी किंवा जुलाबाचे औषध घेण्यात दोन दिवस जातात. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, सोबत मळमळ, भूक मंदावणे आणि ताप ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय नकोत. सुरुवातीच्या अवस्थेत काही रुग्णांना प्रतिजैविकांनीही बरे वाटते, पण ते तपासणीनंतर डॉक्टरने ठरवायचे. त्या रात्री रोगोझोव्ह यांना दुसरा डॉक्टर गाठणे शक्यच नव्हते. आपल्याला तो बहुधा रिक्षाच्या अंतरावर असतो.